उत्तर पाठवू नये

थॉर्नक्लफ, १८ एप्रिल १९७१

चि. एनॉक यास हेस्टरचे अनेक आशीर्वाद.

तुझ्या गुडघ्याचं ऑपरेशन नीट झाल्याचं तुझ्या बायकोने, मेबलने कळवलं. आता टॉर्कीच्या समुद्रासमोर खुर्ची टाकून बस आणि येणाऱ्याजाणाऱ्याला एकतीस सालची गोष्ट सांग. नवे ऐकणारे मिळत असतील तर बरंच आहे. इथे सगळ्यांना ती पाठ झालीय.

इथली बातमी अशी, की माळ विकत घेणाऱ्या सर ऑब्रेंनी आपल्या वाटेवरच्या उभ्या खांबापाशी फाटक बसवून त्याला माझ्या डोक्याएवढं कुलूप घातलं. साबण विकून मोठा झालेला माणूस. ग्राऊज पक्षी ताटात वाढला तरी कोंबडी समजून खाईल. पण वर्षातून चार दिवस त्याचे बंदूकवाले पाहुणे ग्राऊज मारायला येतात, म्हणून उरलेल्या दिवसांतही आम्ही त्यांच्या पक्ष्यांच्या नजरेला पडायचं नाही. गावातून कड्यावर चढायचं, होलिनला उतरायचं आणि तलावाच्या काठाने घरी यायचं, ही आपली नऊ मैलांची फेरी मधेच तुटली. तुटलेला तुकडा जेमतेम मैलभराचा. पण होलिनच्या चॅपलमागे क्लेमला पुरलंय आणि रविवारी तिकडे बस जात नाही. नवऱ्याच्या थडग्यापाशी जायला मी सहासष्टाव्या वर्षी सडकेने अकरा मैलांचा वळसा घालायचा.

पदयात्री संघाचे चिटणीस प्रुडो येऊन गेले. गुडघ्यापर्यंत लाल मोजे, गळ्यात नकाशा. स्वतःच्या परसात हरवायची भीती असावी. ते म्हणाले, लोक वीस वर्षं सलग या वाटेने गेले हे सिद्ध झालं तर वाट काउंटीच्या नकाशावर चढेल आणि मग कुणाचा बापही कुलूप घालू शकणार नाही. सप्टेंबरात सरकारी चौकशी आहे. त्यांना तू मुख्य साक्षीदार हवास. मला हसू आवरेना. एकतीस साली तुम्ही चारशे जण बंदी मोडून एकदाच गाणी म्हणत माळावर चढलात आणि संध्याकाळी पोलिसांच्या गाडीतून उतरलात. मी बावीस वर्षं दर रविवारी एकटी जातेय. सुरुवातीला रखवालदार एकदोनदा आडवे आले, मग माझ्या तोंडाचा पट्टा ऐकून वाट सोडायला शिकले.

लोभ मनात असला तरी चालेल, उत्तर मात्र कागदावर यावं.

तुझी बहीण,
हेस्टर


टॉर्की, २६ एप्रिल १९७१

ती. हेस्टरताईस, एनॉकचा सा.न.वि.वि.

पत्र वाचून गुडघ्यापेक्षा डोकं जास्त ठणकायला लागलं. प्रुडोंना सांग, मी येतो. कुबड्या घेऊन येतो. एकतीस साली न्यायाधीशासमोर म्हणालो होतो, की त्या माळावर पाऊल टाकायला मी कुणाची परवानगी मागितली नाही आणि जन्मात मागणार नाही. तेच पुन्हा म्हणेन. त्या वाक्यापायी सहा आठवडे तुरुंगात खडी फोडली आहे, जरा तरी मान दे.

तू माझी टिंगल करतेस ती मेबलला फार आवडते. तुझी पत्रं ती मोठ्याने वाचते, शेजाऱ्यांनाही ऐकू जाईल अशी.

धाकट्यावर लोभ ठेवावा आणि तो थोडा दिसूही द्यावा.

तुझा,
एनॉक


थॉर्नक्लफ, ९ मे १९७१

चि. एनॉक यास आशीर्वाद.

तू मुळीच येऊ नकोस. साक्षीचा छापील फॉर्म आलाय, त्यात भाषणाला जागा नाही. कधीपासून गेलात, किती वेळा, कशासाठी, कुणी अडवलं का, आणि परवानगी मागितली होती का, बस. शेवटच्या प्रश्नाला हो म्हटलं की संपलंच. परवानगीने गेलेली वर्षं धरत नाहीत. वाट आपलीच आहे अशा थाटात गेलेला माणूस त्यांना हवाय.

तू भिंत फोडून आत गेलास आणि तासाभरात बाहेर फेकला गेलास. ही साक्ष सर ऑब्रेंच्या कामाची. तुझे सहा आठवडे तू फ्रेम करून ठेव. बाकीचे साक्षीदार म्हणजे पाऊस नसला तरच घराबाहेर पडणारे. सलग वीस वर्षं एकटीच्या नावावर आहेत, आणि ती एकटी कोण हे तुला माहीत आहे.

गुडघा जप. शहाणपणाचं मी बघते.

हेस्टर


टॉर्की, १७ मे १९७१

ती. ताईस सा.न.वि.वि.

तू म्हणतेस ते पटलं. पण साक्षीला तूच सगळ्यांत पुढे असायला हवं का? तुझंही वय झालं. समोरचा वकील जुन्या मालकाच्या इस्टेटीची दप्तरं उकरून काय काय काढेल, नेम नाही. प्रुडोंना दुसरं कुणी शोधू दे. इथे हवा छान आहे, महिनाभर ये ना.

कळावे, आणि रागावू नये.

एनॉक


थॉर्नक्लफ, १ ऑगस्ट १९७१

एनॉक,

आशीर्वाद या खेपेला नाहीत.

सर ऑब्रेंच्या वकिलाने पुराव्याच्या नकला पाठवल्या. त्यात जुन्या इस्टेटीच्या कारभाऱ्याला लिहिलेलं ३ ऑक्टोबर १९४९चं एक पत्र आहे. ते पाकिटातून पुरतं बाहेर यायच्या आधीच मी तुझं अक्षर ओळखलं. लिहिलंस काय, तर माझ्या बहिणीचा नवरा होलिनच्या क्षयरोग्यांच्या इस्पितळात आहे, तिला रविवारी माळावरून जाऊ देण्याची कृपा व्हावी, आपला आज्ञाधारक सेवक. सेवक! सहा आठवडे खडी फोडणारा, दरवर्षी एकतीस सालच्या स्मृतिदिनाला छाती काढून उभा राहणारा तू, आणि टोपी काढलीस ती त्या कारभाऱ्यापुढे. तीही माझ्या नावाने, मला न विचारता.

त्याच पत्राच्या कोपऱ्यात कारभाऱ्याने खरडलंय: बाईला जाऊ द्या. उत्तर पाठवू नये.

म्हणजे बावीस वर्षं रखवालदार मला बघून तोंड फिरवत होते ते हुकूम होता म्हणून. मला वाटलं मला भितात. गावभर सांगत सुटले मी ते. प्रुडो म्हणतात, माझी वर्षं गेली तर वाटही गेली. क्लेमकडे जायची माझी वाट माझ्याच भावाने बुडवली.

हेस्टर


टॉर्की, ६ ऑगस्ट १९७१

ती. ताईस सा.न.वि.वि.

मे महिन्यात तुझ्या पत्रात फॉर्मचे प्रश्न वाचले तेव्हाच मला ते पत्र आठवलं होतं. सांगायला हवं होतं, धीर झाला नाही.

एकोणपन्नासच्या सप्टेंबरात मी घरी आलो होतो. तू होलिनहून परतलीस ती लंगडत. तारेने पोटरी फाटली म्हणालीस. रात्री तू पट्टी बदलताना मी दारातून पाहिलं. तारेला दात नसतात. क्लेम वाचणार नाही हे आपल्या दोघांना माहीत होतं, आणि रखवालदारांनी पुन्हा कुत्रा सोडला तरी तू पुढच्या रविवारी जाणार हेही मला माहीत होतं. मी इकडे परत आल्यावर चार पत्रं लिहून फाडली. पाचवं पाठवलं. आज्ञाधारक सेवक, हेही लिहिलं. तुला विचारलं असतं तर तू माझ्याशी जन्मभर बोलली नसतीस आणि कुत्र्यासमोरून गेली असतीस.

दोन महिने टपालवाल्याची वाट पाहिली. त्या लोकांनी उत्तरसुद्धा दिलं नाही. मला वाटलं, पत्र शेगडीत गेलं. हे मी मेबललाही कधी सांगितलं नाही. मग तुझं पत्र आलं, की रखवालदार हल्ली सुतासारखे सरळ झालेत. मी मनात म्हटलं, ताईच्या तोंडाने ते काम केलं.

ताई, तशी वेळ आली तर पुन्हा लिहीन.

तुझा,
एनॉक


थॉर्नक्लफ, १० ऑगस्ट १९७१

चि. एनॉक यास आशीर्वाद.

तुझं पत्र चार वेळा वाचलं. कुत्र्याचं जाऊ दे, त्यावर आता बोलायचं नाही. उत्तराचं बोल.

परवानगी दिली म्हणायला ती कुणाला तरी सांगावी लागते. त्यांनी ना तुला सांगितलं, ना मला. माझ्यासारख्या गिरणीतल्या बाईच्या भावाला एक ओळ लिहायला त्या कारभाऱ्याच्या हाताला काय झालं असतं, पण त्याला कमीपणा वाटला. मग मी कुणाच्या परवानगीने गेले? कुणाच्याच नाही. प्रुडोंना हे सांगितलं तर ते मोज्यांसकट उडाले. चिटणीस ते, आणि सुचलं मला.

पण उत्तर आलं नाही हे शपथेवर सांगू शकणारा माणूस एकच आहे. तुझ्याकडून लेखी हवं, वकिलासमोर सही करून. ते चौकशीत, गावच्या भर हॉलमध्ये वाचलं जाईल. तुझा एकतीस सालचा फोटो ज्या भिंतीवर आहे त्याच हॉलमध्ये, तू हात जोडलेस आणि तुला साधं उत्तरही मिळालं नाही हे सगळं गाव ऐकेल. नाही म्हणालास तरी मी समजेन.

हेस्टर


टॉर्की, १३ ऑगस्ट १९७१

ती. ताईस सा.न.वि.वि.

सोबत जोडलंय. कुत्र्याचंही लिहिलंय, तुला आवडो न आवडो.

एनॉक


थॉर्नक्लफ, २१ नोव्हेंबर १९७१

चि. एनॉक यास हेस्टरचे अनेक, अनेक आशीर्वाद.

निकाल लागेपर्यंत लिहायचं नाही असं ठरवलं होतं. काल लागला. वाट नकाशावर चढणार. परवानगी कुणापर्यंत पोचलीच नाही, सबब ती नव्हती, असं चौकशीच्या निरीक्षकाने लिहिलंय. सर ऑब्रेंच्या माणसाने आज सकाळी कुलूप काढलं आणि मी समोर उभी राहून ते बघितलं. मग पूर्ण फेरी केली. क्लेमपाशी बराच वेळ बसले. त्याच्या दगडावर शेवाळ माजलंय, पुढच्या रविवारी घासायचा कुंचा नेईन.

तुला माहीत असावं म्हणून सांगते. येत्या स्मृतिदिनाला वक्ते म्हणून संघाने दुसऱ्याच कुणाला बोलावलंय. प्रुडो म्हणाले, या वर्षी जरा वेगळा विषय घ्यायचा विचार आहे. तुझ्या कागदावर वाट जिंकली आणि त्याच कागदाची त्यांना लाज वाटते. मी त्यांना काय बोलले ते इथे लिहीत नाही, मेबल मोठ्याने वाचते.

चौकशीच्या दिवसाचं एक तुला कुणी सांगितलं नसेल. सर ऑब्रेंच्या वकिलाने आधी तुझं जुनं पत्र वाचलं, आज्ञाधारक सेवकावर मुद्दाम थांबून. मागच्या बाकांवर हशा पिकला. मग निरीक्षकाने तुझं शपथपत्र वाचलं. माझी पोटरी, कुत्रा, चार फाडलेली पत्रं, न आलेलं उत्तर. संपलं तेव्हा हॉलमध्ये कुणी मान वर करेना. चाळीस वर्षं तुझी भाषणं ऐकली, मी एकदाही टाळी वाजवली नव्हती. त्या दिवशी उभी राहिले आणि वाजवली, एकटीने. निरीक्षक म्हणाले, बाई, इथे टाळ्या वाजवायची परवानगी नाही. मी म्हटलं, मी मागितलेली नाही, आणि हात दुखेपर्यंत वाजवत राहिले.

लोभ होताच. आता लिहूनही दिला.

तुझी ताई,
हेस्टर