मनगटाची पकड

तीर्थरूप अप्पा,

इथूनच वाकून नमस्कार. नेहमीसारखं "राहू दे, राहू दे" म्हणा, म्हणजे पोचला असं समजेन.

मी खुशाल आहे. इस्पितळात आम्हा नर्सबाया आणि मावशींसाठी स्वसंरक्षणाचा वर्ग सुरू झालाय. बसथांब्यापासून एकजण मागेमागे यायचा. आता आम्ही चौघी मिळून जातो. एवढं सोडून बाकीचं आईला वाचून दाखवा.

तुम्ही आखाड्यात पोरांवर ओरडता, "जीव गेला तरी पकड सोडू नका!" आमच्या शिकवणाऱ्या बाई नेमकं उलटं सांगतात. कुणी मनगट धरलं, की त्याच्या अंगठ्याच्या बाजूने हिसडा मारायचा आणि धूम ठोकायची. पाठ दाखवून पळणं तुम्हाला काही पटायचं नाही!

काल सरावाला धुलाईखात्यातल्या मावशींनी माझं मनगट धरलं. मी हिसडा मारायचं सोडून त्यांचाच हात घट्ट धरून उभी राहिले. "पैलवानाची लेक, सवय कशी सुटेल!" म्हणून सगळ्या हसल्या. मीही हसले.

खरं कारण तुम्हालाच सांगते. दिवसभर मी दुसऱ्यांच्या नाड्या बघते, पण इथे आल्यापासून माझं मनगट कुणी धरलं नव्हतं.

आईचा गुडघा कसा आहे? आखाड्यातली माती अजून तुम्हीच उकरता का? कमरेला जपा.

गाडी सुटताना खिडकीतून धरलेला माझा हात आधी तुम्हीच सोडलात, अप्पा. सुट्टीत येईन तेव्हा नीट धरा. मी हिसडा मारणार नाही.

तुमचीच,
चिंगी