छत्री उघडेपर्यंत घर विकू नये

मी, खाली सही करणारा, वय वर्षे एकाहत्तर, धंदा चष्म्याच्या काचा घासण्याचा, गल्लीत भिंगवाले या नावाने ओळखला जाणारा, पूर्ण शुद्धीवर असताना आणि कोणी मागे लागलेले नसताना हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डॉक्टरांनी माझ्या छातीचा फोटो उजेडाकडे धरला आणि मग आपली खुर्ची माझ्याजवळ ओढली, एवढे कारण मला पुरले. यापूर्वीचे मृत्युपत्र रद्द समजावे. मेव्हणीला घरातली काडीसुद्धा देऊ नये, असे मी त्यात लिहिले होते. त्याची आता लाज वाटते.

पहिले. राहते घर, तीन खोल्या व गच्ची, माझ्या एकुलत्या एक मुलाला. त्याला ते लगेच विकायचे आहे, माझी हरकत नाही. मात्र चौथ्या कलमात एक अट आहे, ती त्याने न वाचता पुढे जाऊ नये. घाई त्याने माझ्याकडूनच उचलली आहे.

दुसरे. काचा घासायचे यंत्र व सर्व हत्यारे दुकानातल्या भागीदाराला. माझी बारीक पक्कड त्याने अकरा वर्षांपूर्वी नेली आणि अजून कानावर हात ठेवतो. आता सगळा संच त्याचाच होणार, तेव्हा ती बाहेर काढायला हरकत नसावी.

तिसरे. डोळ्याला लावायचे माझे भिंग मेव्हणीला.

चौथे. पुढच्या खोलीतली खाऱ्या पाण्याची टाकी आणि तिच्यातले लेदर कोरल. हे समुद्रातले मऊ प्रवाळ हाताला चामड्यासारखे लागते आणि दिसायला मोठ्या अळंबीसारखे असते. माझी बायको त्याला छत्री म्हणायची.

तिची पहिली छत्री तिने बारा वर्षे सांभाळली. सहा वर्षांपूर्वी ती तीन आठवडे रुग्णालयात होती, तेव्हा छत्री मिटली, करडी पडली आणि तिच्यावर मेणासारखा थर चढला. मला वाटले, गेली. पाणी नासू नये म्हणून मी ती दगडासकट उचलून कचऱ्यात टाकली आणि वर टाकीची काच चकचकीत पुसून ठेवली. बायको घरी आली, हातातली पिशवीही खाली न ठेवता टाकीपुढे उभी राहिली. म्हणाली, “अहो, ती मेली नव्हती. कात टाकत होती.” त्यानंतर ती याविषयी एक शब्द बोलली नाही. दोन वर्षांनी ती गेली. जे बोलायचे ते मेव्हणी बोलली, “भावोजी, तुम्हाला थांबताच येत नाही.” तिचे येणे-जाणे बंद झाले.

दोन महिन्यांपूर्वी ती झाकणाची बादली घेऊन दारात उभी राहिली. आत मुठीएवढे कोरल होते. बायकोने फार पूर्वी आपल्या छत्रीचा तुकडा कापून तिला दिला होता, त्याचाच हा तुकडा.

“उघडेपर्यंत हात लावायचा नाही. कबूल?”

“कबूल.”

नव्या पाण्याची तिला सवय व्हावी म्हणून टाकीचे पाणी बादलीत थेंब थेंब सोडत आम्ही दोघे तासभर स्टुलांवर बसून राहिलो. तिसऱ्या दिवशी छत्री मिटली. पुढे तोच मेणचट थर. माझा हात दोनदा पाण्यापर्यंत गेला, खोटे कशाला सांगू. सतराव्या दिवशी तो थर सुटून पाण्याबरोबर वाहत गेला आणि अठराव्या दिवशी दुपारी ती उघडली. मी भिंग लावून पाहिले. टोपीभर शेकडो चिमुकले जीव, प्रत्येकाला आठ हात, प्रत्येक हाताला झालर, आणि सगळे मिळून हलत होते. चाळीस वर्षे भिंगे घासली, पण त्यांतून असे काही पाहिले नव्हते. कोणी वडीलधारे खोलीत आल्यासारखा मी उठून उभा राहिलो. बराच वेळ बसवले नाही.

ही छत्री मेव्हणीची. वाफ होऊन उडालेल्या पाण्याच्या जागी साधे पाणी घालावे, खारे नव्हे. पंपाची धार थेट तिच्यावर मारू नये, पण पाणी हलते राहावे, नाहीतर कात निघत नाही. अट अशी की माझ्या मृत्यूच्या वेळी ती मिटलेली असल्यास, उघडेपर्यंत घर विकू नये, टाकी हलवू नये, वीज तोडू नये. किती दिवस, ते छत्रीच ठरवील. ती मेली असे मुलाने ठरवू नये. तो अधिकार मी एकदा वापरला आहे.

पाचवे. माझे कपडे ज्याला येतील त्याने न्यावेत.

आज सकाळी छत्री पुन्हा मिटली आहे. साक्षीला आलेल्या डॉक्टरांनी टाकीत डोकावून विचारले, “गेली का हो ही?” मेव्हणी आणि मी एकदमच म्हणालो, “थांबा.” मेव्हणीला या मृत्युपत्रातून मिळते आहे, म्हणून ती साक्षीदार नाही. नुसती बसली आहे.

साक्षीदार: १. आमचे डॉक्टर (सही)
२. शेजारच्या शिवणकाम करणाऱ्या बाई (सही)

लिहून ठेवणार: भिंगवाले (सही)
ठिकाण: पुढची खोली, टाकीसमोर
दिनांक: नऊ नोव्हेंबर, छत्री मिटल्याचा पहिला दिवस