दर्शनाच्या घरचे येणार, म्हणून एक गोळी जास्त

५ जानेवारी, सोमवार
रविवारी दर्शनाच्या घरचे दादरहून आमच्याकडे लालबागला येणार. मुलगी मला जाम आवडलीय. मला फिट येते हे तिला सांगायचं का? आई म्हणाली, तोंड उघडलंस तर बघ. बरोबरच आहे. औषधामुळे चार वर्षांत एकही फिट नाही. लग्नानंतर सवडीने सांगू.

६ जानेवारी
झोप उडालीय. ऐन पोह्यांच्या वेळी फिट आली तर? उपाय सापडला. रोज तीन गोळ्या घेतो, आता चार. डॉक्टरांना कशाला विचारायचं? मी स्वतः औषध कंपनीचा एमआर. हेच फेनिटॉइन मी डॉक्टरांना समजावत फिरतो. मेंदूच्या पेशींची सोडियमची दारं ते धरून ठेवतं, मग करंट भडकत नाही. तीनाच्या चार केल्या की असरही तेवढाच वाढणार. सरळ त्रैराशिक.

९ जानेवारी
परळला चालताना सारखा डावीकडे जातोय. नवे बूट भंगार निघाले. मोबाईलवर दोन-दोन दर्शना दिसतात. स्क्रीन गार्ड बदलायला हवा.

११ जानेवारी, रविवार
सत्यानाश. पाहुण्यांना नमस्कार करायला वाकलो तो थेट टीपॉयवर. पोहे दर्शनाच्या बाबांच्या मांडीवर. जीभ एवढी जड की ‘सॉरी’सुद्धा धड निघेना. बाबांनी शांतपणे विचारलं, दुपारपासूनच का? मी आयुष्यात बिअरला हात लावलेला नाही. हे सांगणार तोच आई म्हणाली, मित्रांनी पाजली असेल हो, एरवी फारशी घेत नाही.
माझ्या सख्ख्या आईने. ते गेल्यावर भांडलो. तर मालवणीत म्हणते, दारुड्यांची लग्नां होतत रे, फिटवाल्याक चेडू कोण देता?

१२ जानेवारी
डॉक्टरांनी धुतलं. हे औषध पचवणारी यकृतातली एन्झाइम मोजकीच. ती भरली की वरचं सगळं रक्तात साचतं. म्हणून एका गोळीने प्रमाण दुपटीच्याही वर गेलं. चौथी गोळी बंद. हे सगळं गेल्या महिन्यात मीच त्यांना वाचून दाखवलं होतं म्हणे. असेल. टार्गेटच्या गडबडीत काय काय लक्षात ठेवणार?

१४ जानेवारी, संक्रांत
दर्शनाचा होकार आला. अट एकच. दर शनिवारी व्यसनमुक्तीच्या मीटिंगला जायचं, आणि पहिल्या दिवशी ती शेजारी बसणार. आई पेढे आणायला धावली. मी ताबडतोब हो म्हटलं. एक तास बसून यायचं, त्यात काय.
संध्याकाळी फोन करून मीटिंगची चौकशी केली. तिथे सगळ्यांसमोर उभं राहून आधी खरं काय ते सांगावं लागतं.