बेशुद्धी: नाही

४ नोव्हें.
अर्धापूरची गंगाबाई परत रेकॉर्ड रूमच्या खिडकीशी. नवरा मारोती जूनमध्ये केळीच्या ट्रकवरून पडला, डोक्याला मार, आमच्या इस्पितळात चार दिवस होता. तेव्हापासून विसरतो, घेरी येते, मधेच ताट भिरकावतो. थोरला भाऊ म्हणतो, कामचुकारपणा. "ताई, त्यो बेसुद पडला व्हता असं कागदावर असंल तर दावा. न्हाईतर दीर त्याला पुना ट्रकवर चढवनार हाय."

जेवणानंतर फाईल काढली. पहिल्या पानावर 'बेशुद्धी', पुढच्या चौकटीत 'नाही'. अक्षर माझं.

५ नोव्हें.
आठवलं. तपासणीचं पथक येणार होतं. रिकाम्या चौकटी दिसल्या की शेरा मारतात. आमचे इन्चार्ज पाटील सर म्हणाले, डॉक्टरांनी लिहिलं नसेल तिथं 'नाही' धरा. त्या दिवशी साठेक फायली. चहा पीत पीत भरल्या, अन् कॉम्प्युटरात निदानाचा कोडही तसाच लावला, बेशुद्धीविना मार. डॉक्टरांनी लिहायचं राहिलं होतं, एवढंच. झालं नाही असं कोण म्हणालं होतं?

बारा वर्षं नव्या मुलींना शिकवते, लिहिलंय तेवढंच कोड करा. नाव सोनूबाई अन् हाती कथलाचा वाळा.

८ नोव्हें. लातूर
भाचीचा साखरपुडा. त्या निमित्तानं डॉ. बिरादारांना गाठलं. मारोतीला दाखल करून घेतलं ते त्यांनीच, आता लातूरला असतात. माणूस चांगला. "रोज इतके पेशंट, ताई, खरंच ध्यानात नाही. कागदावर काय लिहिलंय?"
कागदावर मी लिहिलंय, हे सांगायला जीभ रेटली नाही. भावजय म्हणाली, तोंड का उतरलंय? ॲसिडिटी म्हटलं.

१० नोव्हें.
फाईल पुन्हा चाळली. एक्स-रेच्या पाकिटात ॲम्ब्युलन्सची पिवळी चिठ्ठी. 'जागेवर बेशुद्ध. नांदेडात शिरताना डोळे उघडले.'
जूनमध्ये पाकीट उघडलंच नव्हतं. उघडायला किती वेळ लागला असता. लाज वाटते.

११ नोव्हें.
सरांना दाखवलं. "दुरुस्ती केली तर कारण लिहावं लागंल मॅडम. मग बाकीच्या साठ पण निघतील. चिठ्ठीची झेरॉक्स देऊन मोकळ्या व्हा ना."
एका फाईलीत दोन कागद, एक हो म्हणतो, एक नाही. दीर कुठला धरेल ते सांगायला नको. आणि त्या साठांत आणखी किती मारोती...

१३ नोव्हें.
गंगाबाई त्याला घेऊनच आली. सोमवारी ट्रक भरायचाय म्हणे. तो खिडकीतल्या उजेडाकडे पाठ करून बसला. सांगून टाकलं, ते 'नाही' मी भरलंय.
गंगाबाईनं आधी मारोतीकडं पाहिलं. मग, "तुमी व्हता का तितं?"
"नाही."
"मंग?"
रागावली असती तर बरं झालं असतं.
मारोतीनं विचारलं, "ताई, माजी फाईल घावली का?" दहा मिनिटांत तिसऱ्यांदा. तिन्ही वेळा हो म्हटलं.

१४ नोव्हें.
दुरुस्तीचा अर्ज दिला. माझ्या नावानं, साठ फायलींसकट. आवकचा शिक्का मारून घेतला. सर दिवसभर बोलले नाहीत. चिठ्ठी आणि अर्ज, दोन्हीच्या झेरॉक्स गंगाबाईला. "दीर वाचतो हो. मानंल का न्हाई, ठाव न्हाई."

१७ नोव्हें. सोमवार
अर्जाचं उत्तर नाही. गंगाबाईचा फोन लागत नाही. दुपारपासून तीनदा खाली कॅज्युअल्टीत जाऊन आले, अर्धापूरकडून कुणाला आणलंय का विचारायला.
सिस्टर रजिस्टरमधून मान वर न करताच म्हणाली, "नाही."
बघून सांगा म्हटलं.