डावी पोटरी, दीड इंच

४ डिसेंबर
दाढी करताना कापलं. दोन मिनिटांत रक्त बंद. वय त्रेसष्ट, पण रक्त पंचविशीतलं. धनेश यंदा चाळिशीत आला, म्हणजे चोवीस तारखेला वळ गावच्या ‘चाळीस प्लस’ टीमतर्फे आम्ही बापलेक ओपनिंग करणार. आयुष्यात एकदा हे व्हायलाच हवं. उद्यापासून मैदानाला रोज पाच राऊंड.

५ डिसेंबर
थंडी. उद्यापासून.

१० डिसेंबर
एकूण राऊंड : एक. बाकी दिवस गोदामाच्या ऑफिसात आठ-आठ तास खुर्चीवर बसून फिल्डिंग आखली. तोही सरावच.

१४ डिसेंबर, दुपार
डावी पोटरी उजवीपेक्षा दीड इंच जाड. टेपने मोजली. एका राऊंडमध्ये एवढा मसल! उजव्या पायाने मनावर घेतलेलं दिसत नाही. बायको पुतळा म्हणाली, “ही ताकद न्हाय, सूज हाय. डाक्टरकडं चला.” तिला यातलं कळत नाही.

१७ डिसेंबर
पोटरी दुखते, गरम लागते. मसल भरताना दुखणारच. अकलोलीच्या गरम पाण्याच्या कुंडात पाय शेकून आलो. येताना लंगडलो. नेमकं आमच्या कॅप्टनने, भूपेशने, पाहिलं. त्याने धनेशला फोन केला. चोमडा.

१९ डिसेंबर
धनेशने ओढत दवाखान्यात नेलं. पायाच्या आतल्या शिरेत रक्ताची गुठळी. मी मुद्दाम दाढीचा किस्सा सांगितला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, त्याचा तारुण्याशी संबंध नाही. उलट वय वाढतं तसं रक्त जास्त गोठू लागतं, गुठळी सहज विरघळत नाही, त्यात तुमचं तासन्‌तास बसणं. फुप्फुसात गेली तर जिवावर बेतेल. बाई जेमतेम तिशीच्या, अनुभव तो किती असणार. तरी घाबरलो. ॲडमिट झालो.

२१ डिसेंबर
रक्त पातळ करणारी औषधं सुरू. बॉल लागला तर रक्त लवकर थांबणार नाही, म्हणून क्रिकेट बंद. रनर घेऊन खेळू का, असं विचारलं. बाई फाईल मिटून पुढच्या पेशंटकडे गेल्या. विचार करत असाव्यात.

२४ डिसेंबर, दुपार
अकराला टॉस होता. अकराला धनेश डबा घेऊन माझ्यासमोर. मॅच सोडून का आलास म्हणून ओरडलो. म्हणाला, “तुमच्यासंगं उतरायचं होतं बाबा. एकटा जाऊन काय करू?” मला रडू आलं. एका डब्यात दोघं जेवलो.
नंतर नर्सने टेप लावली. दोन्ही पोटऱ्या जवळपास सारख्या. पुतळाला फोन करून सांगितलं, सूज उतरली.