बारशाआधीचं नाव

१२ फेब्रुवारी २००१

दूध अजून येऊन राहिलं. पोरगी गेली हे त्याले कोणी सांगितलंच नाही वाटते! सासूबाई म्हणाल्या, "छातीवर मोगऱ्याची फुलं बांध, आटते." फेब्रुवारीत मोगरा कुठून आणू?

आज लायब्ररीत परत कामावर पहिला दिवस. शेजारच्या टेबलावरच्या शर्मिष्ठा मॅडम आल्या, हात धरला. "चलो क्षमा, नाम तो नहीं रखा था ना... नाम रख दो तो माया लग जाती है।" मी कार्डांचा खण असा धाडकन लोटला की वाचत बसलेली पोट्टी दचकली. ठेवलं होतं मॅडम! फक्त कोणाले सांगितलं नव्हतं.

१४ फेब्रुवारी

आमच्या घरची रीतच तशी. बारशाआधी नाव ओठावर आणायचं नाही. आईनं मनात ठरवायचं, आत्याले ऐन वेळी सांगायचं, आत्यानं बाळाच्या कानात. मग बाकीच्यांनी ऐकायचं. नवऱ्यालेही आधी नाही! सचिननं किती खोदून खोदून विचारलं होतं. "मले तरी सांग ना." मी म्हटलं, "दृष्ट लागते, थांबा थोडं." (तोंडावर अहो-जाहो, कागदावर सचिन. चालते.)

बारसं झालंच नाही. आठव्या दिवशी ताप आला नि गेली. घुगऱ्यांसाठी आणलेले हरभरे अजून डब्यात आहेत.

सचिन नि माझा धाकटा भाऊ पियुष तिले खारून नदीच्या काठी घेऊन गेले. मले नाही नेलं, बायका जात नाहीत म्हणे. पुरलं, आले, आंघोळी केल्या. दुसऱ्या दिवशी सचिन गुढ़ियारीले रेल्वेच्या मालधक्क्यावर ड्युटीले हजर! डोळ्यात टिपूस नाही. तेव्हापासून तिच्याबद्दल एक शब्द नाही.

तर आता तिचं नाव साऱ्या दुनियेत एकट्या मले माहीत. मी मेली की संपलं. एकदा तरी कोणी मोठ्यानं म्हणावं ते, बस्स, एवढंच पाहिजे मले.

इला.

लिहिलं बा एकदाचं.

२१ फेब्रुवारी

आमचं शहर नव्या राज्याची राजधानी झालं नि आमच्या बूढ़ापाऱ्यातून पायी चालणं मुश्कील. लाल दिव्याच्या गाड्या भोंगे वाजवत काय जातात, जसं आम्ही त्यांच्या रस्त्यावर राहून राहिलो!

आज ते जाड पुस्तक पुन्हा काढलं. पोटुशी होती तेव्हा दुपारभर त्यातच डोकं — देशोदेशीच्या देवांच्या कथा. इला म्हणजे वेदांतली इळा, इडा. प्रलयात सगळं वाहून गेलं, एकटा मनू उरला. लेकरू पाहिजे म्हणून त्यानं पाण्यात तूप-दही वाहिलं, नि वर्षानं त्याच पाण्यातून पोरगी वर आली. पाय ठेवी तिथं तूप साचे. देवांनी वाटेत अडवलं, आमची आहे असं म्हण. ती म्हणाली, नाही म्हणत. ज्यानं मले जन्माले घातलं, त्याचीच मी! काय ठसका पोरीचा. तिथंच ठरवलं होतं मी.

पुराणात तीच इला — कधी बाई, कधी पुरुष, चंद्रवंशाची आई. योगवाल्यांची इडा डाव्या नाकपुडीत. कोशात पाहिलं तर इला म्हणजे गाय, वाणी, पृथ्वी. पृथ्वीच्या नावांत तिच्या अगदी शेजारी क्षमा! तेव्हा एकटीच हसली होती मी, दोघी मायलेकी एकाच ओळीत म्हणून.

अन् पार ग्रीकांकडेही इडा आहे. एक डोंगर, नि एक पोरगीही. आईनं लपवलेलं देवाचं बाळ तिनं सांभाळलं. दुसरीचं लेकरू! बर्फाच्या देशात इडा नावाचं मैदान — जग बुडाल्यावर उरलेसुरले देव तिथं गवतात येऊन बसतात. पुस्तकवाला खाली बारीक अक्षरात म्हणते, या नावांचं आपसात नातं असेलच असं नाही. नसू दे. मले लागलं ना नातं.

इडा ठेवायची हिंमत नव्हती. सासूबाई ओरडल्या असत्या, "काहून वो, इडापिडा घरात आणते का?" म्हणून इला.

५ मार्च

स्वयंपाकघरात नाव मोठ्यानं म्हणून पाहिलं. कुकरची शिटी वाजत होती तेव्हा. कोणाले ऐकू नाही गेलं.

२० मार्च

पियुषच्या बायकोले, रीनाले, काल मुलगी झाली. अभनपूरहून त्याचाच फोन. "दीदी, बुआ बन गईं आप!" मराठीत सांग रे, म्हटलं, तर रडायलेच लागला. मी रडवलं का त्याले? कोण जाणे.

बारसं एक तारखेले, रविवार पाहून. आत्या मी एकटीच. सासूबाई म्हणाल्या, "तू पाळण्यापाशी नको जाऊ. तुझं आत्ताच असं झालं, लोक काय म्हणतील."  भाजी करपली ती करपू दिली.

२४ मार्च

रीनाचा फोन. आवाज बारीक, पण ठाम. "ताई, नाव तुम्हीच ठेवायचं. दुसरी आत्या कुठून आणू मी? आणि कोणतं ते पण तुम्हीच ठरवा. मी नाही सांगत." मागं बाळ रडलं. माझा ब्लाऊज ओला झाला.

देऊ का तिले इला? दिलं तर नाव जगेल. शाळेत हजेरीत घेतील, मैत्रिणी खालून हाका मारतील. पण मग माझीचं काय? तिचा फोटो नाही. अंगडी-टोपडी सासूबाईंनी देऊन टाकली. नावच तेवढं उरलं तिच्यापाशी, तेही काढून भाचीले देऊ? आई आहे का मी कोण आहे!

२६ मार्च

पाडवा. सासूबाई म्हणाल्या, उभार गुढी. मीच नाही उभारली.

२९ मार्च

जेवताना सचिनले विचारलं, "काय नाव ठेवू हो?" मान वर न करता म्हणते, "तुले वाटते ते ठेव." दगड! मालधक्क्यावरच्या पोत्यांशी तरी जास्त बोलत असेल.

१ एप्रिल

छोट्या लाईनीच्या आगगाडीनं अभनपूर. गाडी काय ती, सायकलवाला पुढं निघून जाते. सोबत सचिन नि सासूबाई. जाताना नाही म्हणाल्या नाहीत, एवढं बरं.

रीनानं बाळ माझ्याच हातात दिलं, सगळ्यांसमोर. वरवंट्याले कुंची घालून पाळण्याखालून फिरवला, मग मी वाकली. दोन-तीन दुसरी नावं तयार ठेवली होती, साधीसुधी. पोरगी डोळे उघडून पाहून राहिली माझ्याकडे. तोंडातून निघालं ते इला.

आत्या कानात नाव सांगते तेव्हा बायका तिच्या पाठीवर धपाटे घालतात, तसे दणादण घातले. म्हणून रडली तरी कोणाले समजलं नाही. "काय ठेवलं? काय ठेवलं?" मोठ्यानं सांगितलं. सगळ्या म्हणाल्या, इला! इला! पियुष म्हणाला, "बढ़िया नाम है दीदी." सासूबाईंनीही हळूच दोनदा म्हणून पाहिलं. किती गोड वाटलं कानाले, काय सांगू!

अन् घुगऱ्या वाटता वाटता एकदम समजलं, काय करून बसली मी. लेकीचं होतं नव्हतं ते देऊन टाकलं. आता ती खारूनच्या काठी खरंच बिननावाची. हातातली वाटी सुटली. सचिनकडे पाहिलं, तर तो दारातून उठून बाहेर चालला गेला.

२ एप्रिल

काल परतताना गाडीत सचिन खिडकीकडे तोंड करून म्हणाला, "हे तिचं होतं ना?" मी म्हटलं, हो. आता तिच्यापाशी काहीच नाही.

"आहे," म्हणाला. "माती टाकायच्या आधी मी कानात सांगितलं तिले. आत्या नव्हती, म्हणून मीच. बिननावाची कशी ठेवू? तू ठरवलेलं मले माहीत नव्हतं. एकच नाव येत होतं मले." डबाभर माणसं पाहून राहिली, नि हा माणूस लहान लेकरासारखा रडून राहिला.

"कोणतं हो?" मी विचारलं.

"तुझंच," म्हणाला. "क्षमा."