काळ्या झग्याचा चोरखिसा

३ फेब्रुवारी, मंगळवार

धाकटीला आज दुकानातून हाकलणारच होते! वीस वर्षं वकिलीच्या कॉलेजात राज्यघटना शिकवते, आणि सख्ख्या बहिणीला कोर्टात ओढते! शाळा पुरी केली नाही त्यानं नगरपालिकेच्या निवडणुकीला उभं राहायचं नाही, असा नियम निघालाय. तो रद्द करा म्हणून हिनं अर्ज ठोकला. अर्जदार मी. शिक्षण चौथी, धंदा शिवणकाम.

"वाच आणि सही कर" म्हणाली होती. गिऱ्हाईक खोळंबलेलं — नुसती सही केली. माझंच चुकलं.

"माझ्या अडाणीपणाची दवंडी कशाला पिटतेस गं?"

"ताई, नियमाचा फटका बसलेलं माणूस लागतं कोर्टाला."

"मला कुठं उभं राहायचंय? मशीनवरून उठायला फुरसत नाही!"

"नाही राहायचं ते तू ठरव ना. नियमानं का ठरवायचं?"

हिच्याशी बोलण्यात अर्थ नाही. आई गेली तेव्हा ही रांगत होती. शाळा सोडून हिला मी वाढवली, ती हे ऐकायला!

५ फेब्रुवारी, गुरुवार

दुकानापुढचं गटार परत तुंबलं. आमचा नगरसेवक सदऱ्याचं माप द्यायला आला. मी त्याला कडक-इस्त्री म्हणते — मनात. म्हटलं, गटाराचं बघा की. तर हसला. "कोर्टात गेलाय म्हणे? उभ्या राहताय की काय माझ्यासमोर?" आणि पोट धरून ही ही ही!

बाही दोन बोटं आखूड कापावी असं फार वाटलं. नाही कापली. धंदा तो धंदा.

८ फेब्रुवारी, रविवार

वकिलानं ऐनवेळी अंग काढून घेतलं. आता धाकटीच बोलणार. वकिलीची सनद आहे हिच्याकडं, नुसती धूळ खात पडलेली. हिच्या हाताखालून वकील निघाले, न्यायाधीश निघाले, आणि ही आजवर कोर्टात एक शब्द बोललेली नाही! "लोकांना पोहायला शिकवलं, स्वतःचा पाय कधी ओला केला नाही" म्हणते. हसत म्हणाली, पण चहा तसाच गार झाला.

हरली तर कॉलेजभर हसं होईल. वरून मला झगा शिवायला सांगितलाय. काळा.

१० फेब्रुवारी, मंगळवार

झगा अंगावर बेतून बघितला. आरशासमोर उभी राहून भाषण सुरू केलं आणि चौथ्या वाक्याला गाडी रुतली! उजवा हात नुसता हवेत चाचपतोय. माझी ट्यूब पेटली — हिच्या हातात खडू नाही! कापडावर खुणा करायचा माझा खडू दिला. काय सांगू, नळ फुटल्यासारखी सुटली! थांबेचना. शेवटी मीच ओरडले, "पुरे, बाई, कळली घटना!"

कोर्टात खडू घेऊन उभी राहिली तर हसतील म्हणते. झग्याला उजवीकडं चोरखिसा लावतेय.

१६ फेब्रुवारी, सोमवार

झगा तयार. धाकटी जेवली नाही. तिच्या वाटचं मीच जेवले.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

हुश्श!

तीन न्यायमूर्ती. मधला हिचा जुना विद्यार्थी — मागच्या बाकावर डुलक्या काढायचा म्हणे. धाकटी उभी राहिली. आवाज असा की शेजारच्यालाही ऐकू जाऊ नये. हात चोरखिशात घातला — रिकामा! चोरखिसा शिवला, त्यात खडू टाकायला दोघी विसरलो!

माझ्या पर्समध्ये खडूचा तुकडा असतोच. उठले, तरातरा पुढं गेले. शिपाई आडवा आला. "ओ बाई, मागं बसा!"

"अर्जदार आहे मी!"

केवढ्यानं ओरडले! सगळं कोर्ट वळून बघतंय. खडू तिच्या मुठीत कोंबला, परत येऊन बसले. बसलेही ऐटीत.

मग धाकटी सुटली. "शाळा न शिकलेल्याचं मत चालतं, मग त्यानं उभं राहिलेलं का चालत नाही? मत द्यायला शहाणा, मागायला अडाणी?" मधल्यानं काही विचारलं, तर ही काय म्हणावी — "चांगला प्रश्न. तो शेवटी घेऊ." न्यायमूर्तीला! आणि त्याच्या तोंडून निघून गेलं, "हो, मॅडम."

काय हशा पिकला! बाकीचे दोघंही हसले.

झगाभर पांढरी बोटं उमटलीत. झटकायला घेतला तर म्हणाली, "राहू दे गं."

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

जिंकलो! नियम रद्द. दोघं आमच्या बाजूनं, मधला विरुद्ध. आणि धाकटी खूश त्याच्यावरच! "ताई, माझ्याविरुद्ध किती सुरेख लिहिलंय बघ त्यानं!" हिला धरून बडवावी. पेढे मी एकटीनंच वाटले.

४ मार्च, बुधवार

कडक-इस्त्री सदरे न्यायला आला. बाही बरोबर, कॉलर बरोबर. प्रचाराला हेच घालणार म्हणाला. घाला म्हटलं. गटार तसंच.

५ मार्च, गुरुवार

धाकटी कॉलेजला निघाली होती, घाईत. तिच्यापुढं कागद धरला. "सही कर." बाईनं न बघता पेन टेकवलं!

"वाच आधी," म्हटलं.

वाचलं. नगरपालिकेच्या निवडणुकीचा अर्ज. सूचक ती, उमेदवार मी. चपला घातलेल्या तशीच उंबऱ्यावर बसली. उजवा हात परत हवेत चाचपायला लागला.

पर्समधून खडू काढून दिला.